माल गोडाऊनमध्ये आणि फळी रिकामी: दुकानात माल लावायची पद्धत कशी सुधारायची

आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट आहे, सातचा सुमार, दुकान भरलेलं, आणि एक काकू विचारतायत, "भाऊ, भगर कुठंय?" कप्पा रिकामा. आमचा पोरगा म्हणाला, "संपली काकू." झालं, काकूंनी टोपलीतला साबुदाणा, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू सगळं काउंटरवर तसंच ठेवलं आणि पुढच्या दुकानात गेल्या, कारण उपवासाचं सामान माणूस एकाच ठिकाणाहून घेतं. रात्री शटर ओढायच्या आधी गोडाऊनमध्ये गेलो तर भगरीचा ३० किलोचा कट्टा शिवलेला तसाच उभा. माल दोन दिवसांपूर्वीच आला होता, पैसे पण देऊन झाले होते, फक्त कुणी कट्टा उघडून किलो-अर्ध्या किलोच्या पिशव्या भरल्या नव्हत्या.

माझं दुकान नाशिकच्या इंदिरानगरात आहे, साधारण अकराशे स्क्वेअर फूट, मागे छोटं गोडाऊन, वर माळा, आणि आम्ही धरून पाच माणसं. त्या दिवसानंतर वर्षभर मी फक्त या एकाच गोष्टीच्या मागे लागलो की टेम्पोतून उतरलेला माल फळीवर जाईपर्यंत त्याचं नेमकं होतं काय. जे जमलं ते इथं क्रमाने लिहितोय, किराणा असो, सुपर शॉपी असो, स्टेशनरी असो, थोडाफार बदल करून सगळीकडे लागू पडेल.

आधी आठ दिवस नुसतं मोजा

लगेच रॅक हलवायला घेऊ नका. दोन गोष्टी करा. पहिली म्हणजे काउंटरवर एक वही ठेवा, तिला आम्ही "संपलंय वही" म्हणतो. गिऱ्हाइकाने मागितलं आणि फळीवर नव्हतं की लगेच लिहायचं, तारीख, वेळ, वस्तू, आणि शेवटच्या रकान्यात एकच अक्षर, गोडाऊनमध्ये होतं तर "हो", नव्हतं तर "ना". हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे कारण "ना" म्हणजे तुमची ऑर्डर चुकली आणि "हो" म्हणजे तुमचं माल लावणं चुकलं, आणि या दोघांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात ४१ नोंदी झाल्या, त्यातल्या २६ "हो" होत्या! म्हणजे मी इतकी वर्षं सेल्समनला जास्त माल मागत होतो आणि खरा गोंधळ गोडाऊनच्या दारापासून फळीपर्यंतच्या वीस पावलांत होता.

दुसरी गोष्ट, जाड मार्कर घ्या आणि दोन-तीन खोक्यांवर खूण करा, आणि सगळ्यांना सांगून ठेवा की हा खोका ज्याने उचलला त्याने त्यावर एक रेघ मारायची. मी बिस्किटाचा एक खोका घेतला होता. तो टेम्पोतून दारात आला ती एक रेघ, दारातून गोडाऊनच्या तोंडाशी दुसरी, संध्याकाळी वाट अडते म्हणून आत सरकवला तिसरी, दुसऱ्या दिवशी त्याच्या खालचं साबणाचं खोकं हवं होतं म्हणून बाजूला ठेवला चौथी, मग फळीवर लावायला नेला पाचवी, सगळे पुडे मावले नाहीत म्हणून अर्धा खोका परत गोडाऊनमध्ये सहावी, आणि दोन दिवसांनी उरलेले पुडे लावायला सातवी. एका खोक्याला सात हात. पोरं दिवसभर राबतात आणि तरी फळ्या रिकाम्या का, याचं उत्तर त्या सात रेघांत होतं. त्यांना अजून पळवून काही होणार नव्हतं, उचलणं कमी करायला पाहिजे होतं. इथून पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

फळीवर किती मावतं ते बघा

सहावी आणि सातवी रेघ का पडली? खोक्यात ६० पुडे आणि फळीवर जागा ३६ ची. म्हणजे दर वेळी २४ पुडे परत जाणारच, आणि असे अर्धवट खोके गोडाऊनमध्ये साचत जाणार, मग कुठल्या खोक्यात काय उरलंय ते कुणालाच आठवत नाही.

माझा साधा हिशोब असा आहे, जी वस्तू पळते, म्हणजे झटपट विकली जाते, तिला फळीवर निदान एक अख्खा खोका अधिक एका दिवसाची विक्री एवढी जागा पाहिजे. खोका ६० चा, रोज २० जातात, तर जागा ८० ची. मग २० उरले की अख्खा खोका आणायचा, सगळा लावायचा, रिकामा पुठ्ठा दाबून ठेवायचा, विषय संपला.

आता लोक म्हणतील जागा आणायची कुठून. जागा असते, ती मंद मालाने अडवलेली असते. बिलिंग सॉफ्टवेअरमधून ३० दिवसांचा आयटमवाईज रिपोर्ट काढा, आणि तो रुपयांवर नाही, नगांवर लावा. तुपाचा डबा रुपयांत वर दिसतो पण दिवसाला तीनच जातात, त्याला हात लागतच नाही, तुमचा वेळ खातात ते पाच-दहा रुपयांचे पुडे. आमच्याकडे एक फेसवॉश चार ओळी अडवून बसला होता, महिन्याला विक्री सहा नग. त्याला एक ओळ ठेवली, बाकीच्या तीन शेजारच्या पळणाऱ्या मालाला दिल्या. कंपनीचा माणूस येऊन आमच्या मालाला चार ओळी द्या म्हणेल, डिस्प्लेचे पैसे देत असेल तर तो हिशोब वेगळा, नुसत्या शब्दावर जागा देऊ नका.

सगळं दुकान एका दिवसात करायला जाऊ नका, एका रविवारी दुपारी एक रॅक, असं आम्हाला अडीच महिने लागले.

माल उतरवतानाच वाटून घ्या

पहिल्या तीन रेघा दारातच पडतात. आमच्याकडे सकाळी दहा ते बारा या वेळात तीन-तीन डिलिव्हऱ्या एकदम यायच्या, छोटा हत्ती रस्त्यात उभा, मागचे हॉर्न वाजवतायत, ड्रायव्हरला पुढे सिडकोला जायची घाई, आणि आपण दारात ढीग मारून सही करून मोकळे. यावर उपाय म्हणजे डिस्ट्रिब्युटरशी बोला. खरंच बोला, लोक बोलतच नाहीत. द्वारका आणि मुंबई नाक्याची सकाळची गर्दी त्यांनाही नको असते. मी दोघांना दुपारी दोननंतर या म्हटलं तर ते खूश झाले, कारण दुपारी रस्ते मोकळे आणि दुकानात गिऱ्हाईक नाही, एक माणूस पूर्ण मोकळा मिळतो. रविवार कारंजा, भद्रकालीकडे जी दुकानं आहेत तिथं टेम्पो दारापर्यंत येतच नाही, हातगाडी आणि हमाल लागतो, तिथं तर वेळ ठरवणं अजून गरजेचं कारण हमालाला ताटकळत ठेवलं की तो माल कुठंही टाकून जातो, आणि त्यात त्याची चूक नाही.

उतरवताना दारात तीन ट्रॉल्या उभ्या करा. एक खाण्याच्या मालाची, एक साबण-पावडर-फिनाईलची, एक थेट माळ्यावर जाणाऱ्या मालाची. टेम्पोतून खोका सरळ ट्रॉलीवर, जमिनीवर नाही. जमिनीवर ठेवला की एक रेघ वाढली. साबणाचा वास चहा-बिस्किटाला लागतो म्हणून पण हे वेगळं ठेवावंच लागतं. ट्रॉलीला पैसे खर्च करा, वजन उचलून कंबर गेलेली पोरं मी बघितलीत, ५० किलोचं पोतं एकट्याने उचलायचं नाही हा आमच्याकडे नियमच आहे, दोघांनी धरायचं नाहीतर ट्रॉली.

सही करायच्या आधी बिलाशी खोके मोजा, एमआरपी बघा आणि तारीख बघा. तारखेसाठी प्रत्येक खोका फोडायची गरज नाही, बहुतेक खोक्यांवर बाहेर बॅच आणि महिना छापलेला असतो. एक्सपायरी जवळची असेल तर दारातूनच परत करा. एकदा आत घेतला की परत द्यायला तीन महिने मागे लागावं लागतं.

एमआरपीबद्दल जरा जास्त सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा आठवत असेल, जुन्या आणि नव्या किमतीचा माल एकाच ओळीत होता आणि काउंटरवर रोज वाद. बारकोड तोच असतो ना, ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी, किंमत बदलली तरी कंपनी बारकोड बदलतेच असं नाही. त्यामुळे नवा माल आत घेतानाच सॉफ्टवेअरमध्ये त्याच बारकोडखाली दुसरी एमआरपी टाका, आणि फळीवर जुना संपेपर्यंत नवा लावू नका. ज्यांच्या गोडाऊनमध्ये दहाच दिवसांचा माल होता त्यांचं हे दोन आठवड्यांत निस्तरलं, आम्ही दिवाळी होऊन गेली तरी स्टिकर लावत होतो.

गोडाऊनमध्ये प्रत्येक मालाला पत्ता

"तिकडे मागे बघ, पिवळ्या खोक्यांच्या पलीकडे" असं सांगून माल सापडत नाही. रॅकला अक्षर, फळीला आकडा. क-२ म्हणजे क रॅक, खालून दुसरी फळी. हे जाड अक्षरात रॅकवर लिहा आणि दुकानातल्या फळीवर जी किमतीची पट्टी असते तिच्या कोपऱ्यात पण तोच पत्ता लिहा, मग कालच लागलेला नवीन पोरगा सुद्धा फळी बघून सरळ जाऊन माल आणतो, कुणाला विचारावं लागत नाही. पळणारा माल दाराजवळ आणि कमरेच्या उंचीला, जड तेल-डाळ खाली, हलके कुरकुरे-शेवया वर. माळ्यावर फक्त सणाचा माल आणि महिन्यातून एकदा लागणारं सामान, शिडी चढावी लागते तिथं रोजचा माल ठेवला की कुणी आणतच नाही आणि मग संपलंय वहीत "हो" वाढतात.

दोन नियम आमच्या गोडाऊनच्या दारावर लिहिलेत. एका वस्तूचा एका वेळी एकच खोका उघडा. आणि खोक्याच्या पुढच्या बाजूला एक्सपायरीचा महिना मार्करने मोठा लिहा, ज्याचा महिना आधी तो पुढे. लक्षात घ्या, आधी आलेला आधी जाईल हे नेहमी बरोबर नसतं, कधी कधी नंतर आलेल्या मालाची तारीख आधीची असते, त्यामुळे आल्याचा दिवस बघू नका, संपायचा महिना बघा.

माल जमिनीपासून वर आणि भिंतीपासून लांब. अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेचा नियम तर आहेच, पण नाशिकचा पाऊस बघता नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा सराफ बाजार, भांडी बाजाराकडच्या दुकानांत पाणी शिरलं, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली की तिकडचे लोक माल वर घ्यायला लागतात. आमच्या भागात पूर येत नाही, पण भिंतीला ओल येते, आणि ओल आलेल्या भिंतीला टेकवलेलं रव्याचं पोतं आठ दिवसांत जाळी धरतं. लाकडी पॅलेट अंबड एमआयडीसीकडे जुनी मिळतात, धुऊन उन्हात वाळवून घ्या, कीड असेल तर घेऊ नका.

माल कधी आणि कसा लावायचा

आम्ही दिवसातून दोनदाच लावतो. मोठी फेरी दुपारी दोन ते चार, छोटी रात्री बंद करायच्या आधी वीस मिनिटं. रात्रीच्या फेरीत गोडाऊनला जायचंच नाही, फक्त फळीवरचा माल पुढे ओढायचा आणि रिकामं दिसेल ते कागदावर लिहायचं, तो कागद म्हणजे उद्या दुपारची यादी. याआधी पोरं फळी बघायची, एक खोका आणायची, परत बघायची, परत जायची. आता यादी घेऊन एकदाच गोडाऊनमध्ये जायचं, ट्रॉली दुकानातल्या रांगेच्या क्रमाने भरायची म्हणजे शेवटी लागणारा खोका सगळ्यात खाली, आणि एका बाजूने लावत जायचं. ट्रॉलीला एक मोठी पिशवी अडकवलेली, रिकामा पुठ्ठा लगेच चपटा करून त्यात, वाटेत काही पडलेलं नको, आजी-आजोबा अडखळतात.

खोका कापताना कटरचं पातं जेमतेम बाहेर काढा, नाहीतर वरच्या थरातले पुडे फाटतात आणि ते डॅमेज तुमच्याच अंगावर येतं. नवा माल लावायच्या आधी जुना बाहेर काढून डाव्या हाताशी ठेवायचा, नवा मागे सरकवायचा, मग जुना पुढे. कंटाळवाणं आहे पण हे चुकलं की मागच्या कोपऱ्यात वर्षभरापूर्वीचा पुडा सापडतो. शाम्पूच्या माळा आणि गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या काउंटरवाल्यानेच भराव्यात, त्यासाठी वेगळा माणूस नको.

सुट्ट्या मालाचं पॅकिंग हे याच कामाचा भाग आहे हे मला भगरीने शिकवलं. डाळ, साबुदाणा, पोहे, रवा, शेंगदाणे यांची रोजची विक्री काढा, आणि कुठल्याही दिवशी दोन दिवसांच्या तयार पिशव्या पाहिजेतच. आमच्या पॅकिंगच्या मावशी आता सोमवारी आणि गुरुवारी कट्टे उघडतात, आणि चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवलेत, त्याच्या तीन दिवस आधी उपवासाचा माल दुप्पट भरायचा.

ऑर्डर देताना

अंदाजाने "दोन खोके टाक" म्हणायचं बंद करा. समजा चहाचा पाव किलोचा पुडा रोज ९ जातो. सेल्समन मंगळवारी येतो, माल गुरुवारी. आज दिलेली ऑर्डर पुढच्या ऑर्डरचा माल येईपर्यंत पुरली पाहिजे, म्हणजे ७ अधिक २, ९ दिवस. ९ गुणिले ९, ८१ पुडे. वर दोन दिवसांचा आधार १८, झाले ९९. फळी आणि गोडाऊन मिळून हातात ४० आहेत, तर ५९ हवेत. खोका २४ चा, म्हणजे अडीच खोके होतात, पळणारा माल आहे म्हणून तीन घ्या. मंद माल असता तर दोन घेतले असते.

७ ते १० तारखेला सातपूर-अंबडच्या कंपन्यांचे पगार होतात, त्या आठवड्यात घरोघरी महिन्याचा किराणा भरला जातो, तेव्हा रोजची विक्री सरासरीने धरू नका, मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याची धरा.

स्कीमचं काय? बारावर एक फुकट म्हणजे जवळपास पावणेआठ टक्के वाचतात. महिन्याला एक टक्का व्याज धरलं तरी तीन महिन्यांत संपणाऱ्या मालाला ही स्कीम परवडते, मी हिशोब करून बघितलाय. पण तो माल ठेवायला जागा नसेल तर तो वाटेत पडतो, रोज कुणीतरी उचलून बाजूला करतं, त्याच्यामागे दुसरा माल दडतो. म्हणून माझा निकष जागेचा आहे, गोडाऊनमध्ये त्याच्या पत्त्यावर मावत असेल आणि एक्सपायरीच्या निम्म्या वेळात विकला जात असेल तरच स्कीम.

सॉफ्टवेअरचा स्टॉक खरा नसेल तर वरचा सगळा हिशोब वाया जातो. वर्षातून एकदा मार्चमध्ये दुकान बंद करून मोजण्यापेक्षा रोज सकाळी दहा वस्तू मोजा, पंधरा मिनिटं लागतात. स्क्रीनवर ज्याचा स्टॉक उणे दिसतोय तो सगळ्यात आधी, तिथं नक्की काहीतरी चुकलंय, बहुतेक वेळा एका स्वादाचा पुडा दुसऱ्याच्या बारकोडवर बिल झालेला असतो. एक्सपायरी पण अशीच, रोज एक रॅक बघायचा, तीन महिने उरलेला माल पुढे काढायचा, संपलेला लगेच वेगळ्या खोक्यात, त्यावर "विक्रीसाठी नाही" लिहून, कारण तो परत फळीवर गेला तर कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जाणार.

प्रत्येक रॅक एका माणसाच्या नावावर करा, आणि यादी पूर्ण झाली की त्याला सगळ्यांसमोर सांगा की छान लावलंस. आमच्याकडचा सगळ्यात शांत पोरगा तेलाच्या रॅकवर असा काही जीव लावतो की त्याचे डबे एका रेषेत नसले तर जेवायला जात नाही.

सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी

हे नाशिककरांसाठी खास. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, ३१ ऑगस्टला दुसरं. २०१५ च्या पर्वणीला रस्त्यांवर बॅरिकेड लागले होते, टेम्पो पोहोचत नव्हते. तेव्हा वरच्या हिशोबात माल यायचे दोन दिवस धरलेत तिथं त्या आठवड्यांसाठी पाच-सहा धरा, आणि पंचवटी, गोदाघाट, नाशिकरोड स्टेशनकडे दुकान असेल तर आणखी जास्त. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, साबणाच्या छोट्या वड्या, कापूर-अगरबत्ती, रेनकोट यांना आतापासून गोडाऊनमध्ये पत्ता राखून ठेवा. ऑगस्ट म्हणजे भर पाऊस आणि त्यात श्रावण, त्यामुळे भगर, साबुदाणा जुलैतच भरा. आणि कट्टे आले त्याच दिवशी उघडून पिशव्या करायला घ्या.